पेशींना रविवार नसतो

ही माझ्या मावसबहिणीची खरी गोष्ट. तिला आम्ही चिमणी म्हणतो. भुताखेतांवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता, म्हणूनच माझा तिच्यावर आहे.

रविवारची दुपार. शहरातलं मोठं सरकारी विद्यापीठ, बायोइंजिनिअरिंगचा वरचा मजला. लॅबमध्ये ती एकटी.

तिथे माणसाच्या रक्तापासून हृदयाच्या पेशी बनवून डिशमध्ये वाढवतात. मायक्रोस्कोपखाली त्या चक्क धडधडतात. त्यांना वेळच्या वेळी खाणं द्यावं लागतं, म्हणजे ताजा गुलाबी द्रव. शिळा झाला की तो पिवळा पडतो.

या डिशेस तिच्या सीनिअर ताईच्या. परवानग्यांची वाट बघण्यापेक्षा ताईनं स्वतःचंच रक्त वापरलं होतं. ताप-खोकला अंगावर काढत ती रोज खाणं द्यायला यायची. दोघींचे गाईड सर सुट्टी देईनात. त्याच तापात ती गेली.

पेशी मात्र जगल्या.

चिमणीनं स्वतः वाढवलेल्या पेशी एकामागून एक मरत होत्या.

"ताईच्या डिशेस तुझ्या नावावर घे," सर म्हणाले. "मेलेल्याला पीएचडी लागत नाही. तुला लागते ना?"

लागत होती. तिनं डिशेसवरचं ताईचं नाव पुसलं.

त्या रविवारी कुलूप उघडून तिनं उबेच्या मशीनमधून डिशेस काढल्या... द्रव गुलाबी होता.

ताजा.

तिनं फोन लावला. "सर, आज कुणी आलं होतं का?"

"रविवारी तुझ्याशिवाय कोण मरायला येतंय तिथे?"

तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावला. एरवी प्रत्येक डिशची लय वेगळी. आज पहिली, दुसरी, तिसरी...

सगळ्यांचा ठोका एकच.

मशीनची घरघर थांबली. आणि पाठीमागे... कुणीतरी खोकलं.

पेशी थांबल्या.

मागे वळायची तिची छाती झाली नाही.

"ताई, मला पास व्हायचंय गं," ती रडत म्हणाली. "माझ्या जागी तू काय केलं असतंस?"

तिनं पुन्हा मायक्रोस्कोपला डोळा लावला...

मग एक ठोका पडला. मग दुसरा.

चिमणीला पीएचडी मिळाली. पेपरवर तिचं नाव, सरांचं नाव. ताईचं कुठेच नाही. चिमणी ते शहर सोडून आमच्याकडे राहायला आली.

परवा चिमणीला सरांचा फोन आला, स्पीकरवर मलाही ऐकू आला. डिशेस आता एका नव्या मुलीकडे आहेत.

"काय गं, रविवारी न सांगता येऊन गेलीस? नवी म्हणते, भिंतीवरच्या फोटोतली तू आणि आणखी एक जण, दोघी खाणं देत बसल्या होत्या. हाक मारली तर वळूनही पाहिलं नाही म्हणे." सर हसले. "येत जा. फुकटात काम होतंय."

त्या रविवारी दुपारी चिमणी माझ्यासमोर झोपली होती. जेवायला उठ म्हणून मी कितीतरी हाका मारल्या. गदागदा हलवलं.

ती उठली नाही...

दमली असेल, म्हणून मी सोडून दिलं.