झाडावरची चिंधी

सांगते, पण जेवण झालंय ना तुमचं? मग ठीक.

माझा नवरा चारुदत्त ऑफिसच्या ट्रेनिंगला आयर्लंडला गेला होता. त्याला पुस्तकांचं वेड. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम एका खेड्यात गेला. तिथे पडका मठ, दगडी मनोरा, कुणा कवीचं जपून ठेवलेलं घर. मठामागे पवित्र विहीर आणि तिच्यावर वाकलेलं काटेरी झाड, चिंध्यांनी लगडलेलं. आपल्याकडे नवसाचं असतं तसंच, असं या शहाण्याला वाटलं. हात जोडले आणि प्रसाद म्हणून एक चिंधी सोडवून, पिशवीत घालून आणली. शारजात, अल मजाजला घरी आल्या आल्या आमच्या इराच्या मनगटात बांधली, गंडा बांधतात तशी.

शी! ओली होती हो ती. शारजाच्या उन्हात टॉवेल बघता बघता वाळतो, ही मात्र चिकट ती चिकटच. आधी शेवाळाचा वास यायचा, मग पू झालेल्या जखमेचा. मी नाक मुरडलं की हा म्हणायचा, देवाचं आहे, राहू दे. आठवड्याच्या आत पोरीला ताप भरला. चिंधीखाली फोड उठला आणि मलम लावलं तरी कोपराकडे सरकत गेला. डॉक्टर चिंधी काढायला गेले, तर "ती रागावते!" असं किंचाळून इराने हात ओढून घेतला.

संध्याकाळी शेजारची ओल्गा बघायला आली. वसईची, नर्स, तिची जुनी मेट्रन आयरिश होती. चिंधी दिसताच ती जागीच थबकली.

"सुचित्रा... ही झाडावरची आहे?"

"हो. का गं?"

"अगं, आजारी माणूस ती दुखऱ्या जागेवर फिरवतो आणि झाडाला बांधतो. ती कुजली की दुखणं जातं. दुसऱ्या कुणी अंगावर घेतली तर... दुखणं त्याचं."

म्हणजे कुणाचा तरी उतारा माझ्या लेकीच्या हातात! कात्री घेतली, तर ती बुळबुळीत कापडावरून घसरायला लागली. इरा तापाने फणफणलेली. शेवटी गाठ दातात धरली आणि तोडली. तोंडात कोमट, गोडसर काहीतरी सुटलं.

चारुदत्त चिंधी खाली कचऱ्यात टाकून आला. तेवढ्यात इराचा ताप उतरला, फोडही बसला. मी बेसिनशी चुळा भरतेय, थुंकतेय, पण ती चव काही जाईना. इरा दारात येऊन उभी राहिली, छान हसत. हळूच म्हणाली,

"आई, डोन्ट स्पिट... शी डझन्ट लाइक इट."