आठव्या जागेवरून

काळा पुठ्ठा वाऱ्यावर गिरक्या घेत आला आणि माझ्या पायांशी आपटला. चांगला दाराएवढा! मी दचकून वर पाहिलं. चर्चच्या दगडी कठड्यावरून एक डोकं डोकावत होतं.

“अहो, लागलं नाही ना?”

“थोडक्यात वाचले! तुमचा पुठ्ठा मात्र आडवा झालाय.”

“तो आडवाच हवाय. आलोच खाली!”

धापा टाकत आला... केस कपाळाला चिकटलेले, नाकाच्या शेंड्यावर काळा रंग. सोलर पॅनेल बसवणारा. आणि मी जुन्या वास्तूंच्या कार्यालयातली तपासनीस — त्याला परवानगी द्यायची की नाही, हे ठरवायला आलेली. ते कळल्यावर त्याने पुठ्ठा पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला. दाराएवढा पुठ्ठा!

मला हसू आवरेना.

नियम एकच होता, पण कडक. दोनशे वर्षांच्या त्या छपरावरचं एकही पॅनेल रस्त्यावरून दिसता कामा नये. म्हणून खरी पॅनेल चढवण्याआधी त्याच मापाचे काळे पुठ्ठे त्याने मांडायचे, आणि मी ठरलेल्या अकरा जागांवर उभं राहून मान वर करायची. गेल्या उन्हाळ्यात वीज गेली, तेव्हा वस्तीतली म्हातारी माणसं चर्चच्या गार हॉलमध्ये येऊन बसली होती, पण पंखे बंद. यंदा ते फिरायलाच हवेत, असं अख्ख्या वस्तीने ठरवलं होतं. इथे जमलं, की तीस घरं आपापल्या गच्चीवर पॅनेल बसवणार होती. माझ्या एका ‘नाही’ने सगळंच बारगळलं असतं.

तीन शनिवार आम्ही फोनवर बोलत होतो — तो वर, मी खाली.

“दिसतंय?”

“कोपरा दिसतोय.”

“आता?”

“आता कबुतर दिसतंय.”

“त्याला परवानगी आहे का?”

“त्याने अर्जच केलेला नाही.”

त्याचं हसू आधी फोनमधून कानात यायचं, आणि क्षणभराने छपरावरून पुन्हा एकदा. दुसऱ्या शनिवारी आमच्यातलं ‘अहो’ गळालं. आधी कुणी गाळलं, यावर अजून एकमत नाही.

दहा जागा पार पडल्या. अडलं ते आठव्या जागेवर. लाँड्रीपुढे रस्ता चढतो, तिथून वरच्या रांगेची काळी रेघ दिसायचीच. बोटभर.

“बोटभरच ना? कर की कानाडोळा.”

“जमणार नाही. दिसतंय तर दिसतंय.”

मला वाटलं, चिडला.

“बरं झालं सांगितलंस,” तो हळूच म्हणाला. “उद्या दुसऱ्या कुणाला दिसलं असतं, तर सगळी वस्ती तोंडावर पडली असती. थांब, रांग आणखी झोपवतो. वीज थोडी कमी मिळेल... पण मिळेल.”

पुठ्ठ्यांखालचे ठोकळे सरकल्याचा आवाज. रेघ अर्धं बोट झाली. मग नखाएवढी. मग केसाएवढी. आणि —

“गेली!” मी लाँड्रीपुढे उडीच मारली. “गेली, गेली!”

“नक्की? नीट बघ. काय दिसतंय?”

निळं आभाळ. दगडी कठडा. आणि कठड्यामागे उभा तो, उन्हाने लालबुंद.

“फक्त तू,” मी म्हणाले. “आणि... मला तेवढंच बघायचं असतं. तीन शनिवार झाले.”

फोनमधून लांबून एका बाईचा आवाज आला, “फादर, हेही लिहून घ्यायचं का?”

दोन्ही हातांनी पुठ्ठा धरायचा, म्हणून त्याने फोन स्पीकरवर ठेवला होता! शेजारी नोंदी घेणारे फादर, आणि ठोकळे पुरवणारी त्याची मावशी.

“मावशी!”

“माझ्यावर का ओरडतोस? घरी तिच्याशिवाय दुसरा विषय नसतो तुझा, तेही सांगू?”

माझे कान तापले. मन नाचत होतं — आणि त्याच क्षणी भानावर आले. आता माझ्या सहीला किंमत काय? कुणीही म्हणेल, बाई प्रेमात पडली आणि तिला पॅनेल दिसेनासं झालं. माझ्यापायी वस्तीचं काम अडकलं असतं.

मी तिथूनच कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला. “साहेब, चर्चचा अहवाल माझ्याकडून काढून घ्या.”

“का गं?”

“कारण... खाजगी आहे.”

“पॅनेल की पॅनेलवाला?”

मी वर कठड्याकडे पाहिलं.

“सोमवारी सकाळी येतो,” साहेब म्हणाले.

आले. अकराही जागा चालले. आठव्या जागेवर त्यांनी चष्मा पुसला, टाचा उंचावल्या, चार पावलं मागे गेले, लाँड्रीच्या पायरीवरसुद्धा चढले. तो माझ्या शेजारी श्वास रोखून उभा.

“पुठ्ठे मांडलेत ना नक्की?” साहेबांनी विचारलं.

“बत्तीस!” मावशी फाटकातून ओरडली.

साहेबांनी इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्यावरच कागद ठेवला आणि सही ठोकली. एकच गलका झाला! फादर तर घंटेच्या दोराकडे धावतच सुटले.

त्या गलक्यात तो माझ्याकडे वळला. “म्हणजे तुझी सही कुठेच लागली नाही.”

“नाही.”

“एका कागदावर लागेल...” तो म्हणाला. “माझ्या सहीच्या शेजारी. वेळ घे हवा तेवढा, पण —”

“वेळ?” मी त्याचा हात घट्ट धरला. “पेन आहे का तुझ्याकडे?”