किल्ल्या वाजल्या तेव्हा

"उद्या कैद्यांच्या स्मारकापाशी प्रानास सगळ्यांदेखत माझ्या बाबांना जल्लाद म्हणणार!" लाइमा रामुनेबाईंसमोर रडकुंडीला आली होती. "बाबा म्हणतात, मग मी गावच सोडतो."

बाई काउनास शहरातल्या खासगी गुप्तहेर. मॉस्कोचं राज्य नुकतंच गेलं होतं आणि जुनी भुतं बाहेर पडत होती. युद्धात हेर पकडता पकडता गुप्त पोलिसांत चढलेला एक कॅप्टन इथल्या तळघरात कैद्यांना छळायचा. आता लाइमाचे वडील युर्गिस आणि हा प्रानास, दोघंही म्हणत होते, मी कैदी, तो कॅप्टन! कागद जळालेले, कॅप्टनला ओळखणारे साक्षीदार सैबेरियात मेलेले.

बाई आधी युर्गिसकडे गेल्या.

"थंडी होती. आणखी काय सांगू, बाई?" एवढंच तो बोलला.

प्रानास मात्र बाईंच्या कचेरीत येऊन घडाघडा बोलला. "शेजारच्या कोठडीतला माणूस कधी दिसला नाही हो! कैद्यांनी एकमेकांचं तोंड पाहू नये म्हणून केवढा बंदोबस्त!"

तेवढ्यात बाहेर बोळात किल्ल्यांची टकटक झाली. बाईंचा दीर काझिस मनाने सोनं, पण चालताना पट्ट्याच्या बकलावर किल्ल्या वाजवायची त्याला भारी खोड. बाई कितीदा ओरडल्या असतील!

"आत आणा त्याला," प्रानास मान वर न करता म्हणाला.

काझिस धावतच आत आला. "वहिनी, युर्गिसला घेऊन आलो, तर तो बोळात भिंतीकडे तोंड करून उभा! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय?"

"गप रे, शहाण्या! तुझे दादा तुरुंगातून सुटून आल्यावर असेच वळायचे. म्हणून तर तुझ्या किल्ल्यांवर माझा राग. कैद्याला नेताना पहारेकरी बकलावर किल्ल्या वाजवायचे. समोरून येणाऱ्या दुसऱ्या कैद्याने लगेच भिंतीकडे वळायचं. ते अंगात मुरतं." बाई प्रानासकडे वळल्या. "आणि तुम्ही? बाहेर कुणाला आणलंय हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं? नुसत्या किल्ल्या ऐकून हुकूम सोडलात, कॅप्टन."

"हा काय पुरावा झाला?"

"कोर्टात नसेल. पण उद्या स्मारकापाशी सगळे जुने कैदी जमतील. तिथे वाजवू किल्ल्या? बघू कोण वळतं आणि कोण नाही."

टोपी उचलून प्रानास मागच्या दाराने निघून गेला.

युर्गिस अजून भिंतीकडेच तोंड करून उभा होता. काझिसने ओशाळून किल्ल्या रुमालात गुंडाळल्या. "काका, चुकलो हो. वळा आता."

युर्गिस हळूहळू वळला. समोर, त्याच्या मागोमाग आलेली लाइमा उभी होती.

"चल पोरी," तो म्हणाला. "उद्या स्मारकावर वाहायला फुलं घ्यायचीत."