वरून ओढणारं कोणी

दुकानदार मोठं ड्रिल पुढे सरकवत होता. मास्तरांनी ते एका हातात तोललं आणि परत ठेवलं.

"भोकं पाडायचीत, धरण फोडायचं नाही," असं म्हणून त्यांनी बॅटरीवर चालणारं सगळ्यात हलकं ड्रिल घेतलं. गॅरेजमध्ये प्लग नव्हता, म्हणून बॅटरीचं. हलकं एवढ्यासाठी, की हल्ली त्यांना स्वतःचे हातसुद्धा जड वाटत.

तीस वर्षं तंत्रशाळेत वायरिंग शिकवलेला माणूस. पण पाच आठवडे दवाखाना आणि घर करून त्यांचा पार पिट्टा पडला होता. बायकोची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. सोमवारी ती घरी येणार होती आणि जिना तिला आता चढवणार नव्हता. म्हणून गाडी रस्त्यावर काढून गॅरेजची खोली करायची. दिवा झाला, पंखा झाला. उरली होती घंटा. पलंगापाशी बटण, वर स्वयंपाकघरात आवाज. हाक मारता न येणारी बायको खाली एकटी पडून राहील, या धास्तीनं त्यांचा डोळ्याला डोळा लागत नव्हता.

काम खरं तर दोघांचं. भिंतीतल्या पाइपातून पोलादी तार वर सरकवायची, तिच्या शेपटाला वायर बांधायची, मग वरच्यानं ओढायचं. या घरातल्या सगळ्या वायरी त्या दोघांनीच ओढल्या होत्या. खाली ते, वर ती. ती भराभर ओढायची आणि वायर अडकली की यांच्यावरच खेकसायची, "अहो मास्तर, हात सैल सोडा ना!"

रविवारी दुपारी त्यांनी तार वर सरकवली, वायर बांधली, चिकटपट्टी गुंडाळली. आता वर जाऊन ओढायचं. गुडघ्यांनी साफ नकार दिला. ते चपला काढून स्टुलावर टेकले आणि निव्वळ सवयीनं ओरडले, "ओढ गं!"

वायर वर गेली.

हातभर, मग आणखी हातभर. भराभर. मास्तर तसेच अनवाणी कठडा धरून वर गेले. स्वयंपाकघर रिकामं होतं. भिंतीतल्या भोकातून काहीच बाहेर आलं नव्हतं, तारेचं टोकसुद्धा नाही. त्यांनी बोट घालून पाहिलं. आत कोरडं सिमेंट लागलं.

ते खाली परतले, तर वायरचं भेंडोळं फिरतच होतं. पाइप चार मीटरचा होता. वायर चाळीस मीटर तरी आत गेली होती.

फोन वाजला. दवाखान्यातून लेक बोलत होती.

"बाबा, आईचा उजवा हात हलतोय!" ती रडत होती की हसत होती, कळेना. "हवेत काहीतरी ओढतेय बघा. सारखी. डॉक्टरसुद्धा चाट पडलेत."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. आनंद झाला, आणि त्याच वेळी अंगावर सरसरून काटा आला.

"तिला थांबवू नकोस," ते म्हणाले.

"पण दमलीय हो ती."

"असू दे. थांबवू नकोस."

भेंडोळ्याचे सात वेढे उरले होते.

पाच.

कटर शेजारीच पडला होता. त्यांनी तो पायानं दूर सारला.

दोन.

शेवटचं टोक त्यांनी उजव्या मनगटाला गुंडाळलं आणि पोरांना शिकवायचे तशी पक्की गाठ मारली. वायर ताणली गेली. ते उठून उभे राहिले, राहावंच लागलं.

"बाबा? थांबली आता. मूठ घट्ट मिटलीय. हसतेय, बाबा. इतक्या दिवसांनी."

"धरून ठेव म्हणावं," मास्तर म्हणाले. त्यांचेही डोळे भरून आले होते. "मी आहे म्हणावं."

चपला स्टुलापाशी होत्या तिथेच होत्या. पाय तेवढे वीतभर भिंतीकडे सरकले होते. मग आणखी वीतभर.