ओळ बेचाळीस

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

तारीख २१ फेब्रुवारी २०२५. शुक्रवार. दुपारचा एक. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढे जरूर वाचावं.

माझा मावसभाऊ सुजीत एडवणचा. बोईसरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर. त्याला डिस्कवरच्या फाइली वाचता याव्यात म्हणून एक तुकडा लागतो, मॉड्यूल. सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल बदलला की ते मॉड्यूल नव्याने बांधायचं आणि पॅकेज करून गिऱ्हाइकाला पाठवायचं. प्रत्येक पॅकेजात एक नोंदवही असते. कोणत्या वारी, कोणत्या तारखेला, कोणी काय बदललं.

त्या नोंदवहीत एकाच माणसाचं नाव होतं. दर्पण.

शिरगावचा दर्पण. शाळेपासून सुजीतच्या वर्गातला, आणि शाळेपासून एक पाऊल पुढे. सुजीतची आई, येसूमावशी, सुकट निवडता निवडता टोमणा मारायची, "तुमी दोघं एकाच बाकावर होते ना? मग तो पुढं नि तू मागं कसा हाय?"

सुजीत हसायचा. आतून जळून खाक व्हायचा.

दिवाळीत दर्पण काविळीने गेला. सुजीत खांदा द्यायला गेला, रडलासुद्धा. पण खरं सांगायचं तर, त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं. हे त्यानेच मला सांगितलं.

सुटका कसली! ऑफिसात सगळे अजून "दर्पणचं पॅकेज" असंच म्हणायचे. सोमवारी कृष्णकांत सर त्या कामाचा प्रमुख ठरवणार होते. शनिवारपर्यंत नवं पॅकेज पुण्याच्या गिऱ्हाइकाकडे जायचं होतं. त्यावर ज्याचं नाव, तोच प्रमुख.

त्यांच्या ऑफिसला सुट्टी शुक्रवारची, म्हणून सुजीत त्या दिवशी एकटाच ऑफिसात गेला. नोंदवही उघडली. दर्पणच्या एकेचाळीस नोंदी होत्या.

सगळ्या पुसल्या.

खाली एकच ओळ लिहिली. स्वतःच्या नावाची. मग पॅकेज बांधायला लावलं.

शेजारच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर घरघरत होता...

पडद्यावर इशारा आला. 'ओळ ४२. वार आणि तारीख जुळत नाही.'

सुजीत बघतच राहिला. वहीत ओळ होती एकच. बेचाळिसावी आली कुठून?

आणि वार चुकवायची खोड एकाच माणसाला होती. एवढा हुशार दर्पण, पण वार कायम चुकीचा लिहायचा. मशीन कुरकुरायचं, तो हसून सोडून द्यायचा.

सुजीतने सगळं पुसलं. कोरं मशीन, कोरी डिस्क. पुन्हा बांधलं.

'ओळ ४२.'

कॉम्प्रेसर बंद पडला...

एकदम शांत.

आणि मग... टक. टक टक. टक.

मागच्या टेबलावरून. त्या टेबलावर दिवाळीपासून कीबोर्डच नव्हता.

मागे वळायची हिंमत होईना. त्याने ऑफिसातल्या स्नेहाला फोन लावला. काहीतरी विचारायचं निमित्त करून.

ती मध्येच थांबली. "सुजीत, तुझ्यामागे कोण टाइप करतंय?"

"कोणी नाही."

"नाही कसं? एंटर असं कोण आपटतं? अगदी दर्पणसारखं..."

भीतीने घाम फुटलेला असतानाही सुजीतच्या मनात पहिलं आलं ते हे... हिला त्याच्या बोटांचा आवाजसुद्धा पाठ आहे!

त्याने फोन ठेवला. आवाजही थांबला.

मग त्याने ते पॅकेज व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकलं आणि आतली नोंदवही उघडली.

एकेचाळीस नोंदी जागच्या जागी होत्या. सुजीतची ओळ गायब, आणि तिच्या जागी खाली एक नवी. मराठीत सांगायचं तर अशी:

'गुरुवार, २१ फेब्रुवारी २०२५. मशीन बंद होताना फाइली पुसल्या जात होत्या. चूक दुरुस्त केली. दुरुस्ती सुजीतची. लिहिणार, दर्पण.'

तो दिवस शुक्रवार होता.

सुजीतने मॉड्यूल तपासलं. सकाळी घाईत त्याच्याच हातून एक ओळ गळाली होती. तसंच पाठवलं असतं, तर गिऱ्हाइकाचा सगळा डेटा गेला असता आणि सुजीतची नोकरीसुद्धा. ती ओळ आता जागेवर होती. ती त्याने लिहिली नव्हती.

त्याने ते पॅकेज तसंच पाठवलं. दर्पणचं नाव जुन्या नोंदीतून चुकून राहिलं असेल, असंच सगळ्यांना वाटलं. सोमवारी सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. "एवढी बारीक चूक पकडलीस!" सुजीत प्रमुख झाला. येसूमावशीने गल्लीभर पेढे वाटले.

मागच्या महिन्यात तो माझ्याकडे आला तेव्हा निम्मा झाला होता. मी म्हटलं, अरे, शिरगावला जा, त्याच्या घरच्यांना भेट, काहीतरी शांत कर.

"कशाला? तो त्रास देत नाय," सुजीत म्हणाला. "दर नव्या कर्नलला येतो. माजी चूक शोधतो, नीट करतो, नि खाली माजं नाव लिहितो."

मग दात आवळून म्हणाला,

"मेला तरी माज्यापेक्षा चांगलंच काम करतो रे तो. आता मी काय करू, सांग."

तेव्हापासून त्याचा फोन आला की मी पहिल्या रिंगला उचलत नाही. त्याच्यामागे ती टकटक ऐकू आली तर?