खरखरीची दिशा

मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर राहणारा सदानंद रेडिओ दुरुस्त करायचा, पण त्याची खरी ख्याती रेडिओतली खरखर हुडकून काढण्याची. ट्रान्झिस्टर आडवा धरून सावकाश फिरवायचा. टोक ज्या दिशेला गेल्यावर खरखर विरते, तिकडेच खोड. कुणाच्या ट्यूबचा चोक, कुणाच्या पंख्याचा रेग्युलेटर, त्याने कितीतरी चोर असे पकडले होते. स्वारीला त्याचा थोडा तोराही होता.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत खरखर त्याच्याच घरात शिरली, आणि तीही नको त्या वेळी. थोरला भाऊ काशीराम एकटाच होडी घेऊन गळ टाकायला गेला होता, तो तीन दिवस परतला नव्हता. लाँचवाले उत्तरेला शोधून हात हलवत आले होते. वाऱ्याचा अंदाज ऐकायला सदानंदाने रेडिओ लावला, तर सगळं बोलणं झाकून टाकणारी कट्-कट्. मग थोडा थांबा. पुन्हा कट्-कट्.

"भावोजी, आदी तो आवाज काडा," काशीरामाची बायको शेवंती म्हणाली. "वाऱ्याचा काय सांगतत ता माका ऐकूचा आसा." तीन दिवस तिच्या पोटात पेजेचा घोट नव्हता.

सदानंदाने मेन स्विच पाडला. शेजाऱ्यांनाही पाडायला लावला. आवाज तसाच. मग त्याने रेडिओ फिरवला. टोक दाराबाहेर सरळ दर्याकडे गेलं, तेव्हा तो विरला.

तिकडे पाण्याशिवाय काही नव्हतं.

लोक वेडा म्हणतील तर म्हणोत, असं ठरवून तो सायकलने तारकर्लीला गेला आणि तिथूनही दिशा घेतली. नकाशावर दोन्ही रेघा नैऋत्येला भर पाण्यात एकमेकींना छेदत होत्या. तिथे कुणी शोधलं नव्हतं.

"खरखरीच्या भरवशार लाँच काडू?" लाँचवाला शंकर तांडेल म्हणाला.

"काडा," शेवंती म्हणाली. "माझो घोव थंयच आसा."

रेडिओ तिच्यापाशी ठेवून दोघे निघाले. दुपारी होडी दिसली, नेमकी तिथेच. काशीराम तळाशी पडलेला, ओठ फुटलेले, पण श्वास चालू. खरखर कशाची म्हणून सदानंदाने होडीचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. वल्ही, गळ, पाण्याची रिकामी कळशी. इंजिन नाही, बॅटरी नाही, साधा टॉर्चसुद्धा नाही.

आठवड्याने काशीराम दवाखान्यातून घरी आला आणि नवसाचे नारळ फुटले. तांडेलाच्या पाया पडताना सदानंदाला रडू आवरेना. देवाचे मानू की दर्याचे की त्या खरखरीचे, किती उपकार मानू असं त्याला झालं होतं.

दुसऱ्या सकाळी काशीराम ओट्यावर पेज जेवत होता. सदानंदाने रेडिओ लावला.

कट्-कट्.

त्याने मेन स्विच पाडला. आवाज तसाच.

रेडिओ फिरवला. टोक भावाकडे आलं आणि आवाज विरला.

काशीराम हात धुऊन माडाखाली जाऊन बसला. टोकही तिकडे वळवावं लागलं.

सदानंदाने रेडिओ बंद केला. भाऊ परत मिळाला होता; जसा मिळाला तसा त्याने हात जोडून घेतला.

"बंद कित्याक केलंस?" काशीराम माडाखालून म्हणाला. "तीन दिस होडयेत ह्योच आवाज सोबतीक होतो. जागो रव, भाव येता, असा सांगी होतो."

सदानंदाने रेडिओ पुन्हा लावला, आवाज मोठा केला आणि भावाच्या शेजारी जाऊन बसला.

कट्-कट् चालू झाली. मधला थांबा आला की काशीराम मान डोलवून हुंकार देत होता.