वळणावरचं होय

बसा. आणि एक सांगून ठेवतो, अंधार पडल्यावर 'होय काका, होय काका' करायचं नाही. मान हलवा. हसताय? हसा लेको! तीस वर्षं झाली मला इकडं कर्नाटकात, या कॉफीच्या मळ्यात. आधी मीही हसायचो.

माझा दोस्त हालेगौडा. गेल्या दिवाळीची अवस, शुक्रवार. धाकटा भाऊ चेन्ना शेवटच्या गाडीनं कोल्हापूरहून यायचा होता, त्याला आणायला हा बॅटरी घेऊन निघाला. आठ वर्षांपूर्वी मिरीच्या जमिनीच्या तुकड्यावरून यानंच त्याला मारून घराबाहेर काढलेलं. आता स्वतः फोन करून बोलावलं होतं. वहिनीनं कडबू उकडून ठेवले होते.

दोघं चालत परत निघाले.

"अण्णा, पोट सुटलंय की तुझं!"

"तुझं टक्कल बघ आधी!"

मग ते वळण आलं. तिथं दगडात कोरलेला पोरगा आणि वाघ आहे ना, तो पोरगा म्हणजे सळ. वाघ अंगावर आला तेव्हा त्याचा गुरू ओरडला, "होय्, सळ!" जुन्या कन्नडात होय् म्हणजे हाण. पोरानं वाघ लोळवला, पुढं राजा झाला, होयसळांचं राज्य त्याच्यापासून सुरू झालं असं सांगतात. इथले म्हातारे मात्र म्हणतात, त्याला हाण म्हणून सांगितलं, थांब म्हणून कुणी सांगितलंच नाही. म्हणून त्या वळणावर सगळे गप्प चालतात.

हालेगौडाही गप्पच होता. पण आठ वर्षं गिळलेलं... राहवलं नाही त्याला. दगडापाशीच थांबला, रडायला लागला.

"तम्मा, धाकट्या, चुकलो रे मी. माफ केलंस ना मला?"

कन्नडात हो म्हणायला 'हौदु' म्हणतात. पण चेन्नाची आठ वर्षं कोल्हापुरात हॉटेलात गिऱ्हाइकांना उत्तरं देण्यात गेलेली. त्याच्या तोंडातून निघालं...

"होय."

रातकिडे थांबले.

हवा चिरत काहीतरी आलं. अण्णाचं डोकं... नारळ फुटावा तसं. गरम रक्त चेन्नाच्या तोंडावर. अण्णा उभाच. डोळे उघडे. मग कोसळला.

पुन्हा घाव. पडलेल्यावर. पुन्हा. हाडं मोडत होती... मारणारा दिसत नव्हता. चेन्ना भावाच्या अंगावर आडवा पडला. किंचाळला, "थांब! बास कर! थांब!"

थांबलं.

पोलिसांनी चेन्नालाच धरलं. जुनं भांडण, अंगभर रक्त. हत्यार काही सापडलं नाही. मी तुरुंगात भेटायला गेलो तेव्हा त्यानं हे सगळं सांगितलं. मी विचारलं, "खरं बोलतोयस ना, बाबा?"

त्यानं नुसती मान हलवली.

येताना वळणावर उतरलो. तीस वर्षं बघत आलोय मी तो दगड. पोरानं दांडा डोक्यावर उगारलेला असायचा. उद्या उजेडात जाऊन बघा.

हात खाली आलाय. मूठ रिकामी आहे.